पेन्सिल दोनदा वाजली

मनुष्यप्राण्याला जागचं हलवण्याची ताकद आजवर दोनच गोष्टींत दिसून आली आहे. एक प्रेम आणि दुसरी मोटारगाडी. साम्राज्यं आली, गेली; तत्त्वज्ञानं आली, तीही गेली; पण ही दोन इंजिनं एकदा का सुरू झाली, की भलीभली माणसं वाऱ्यावर केस उडवत, ओळखीच्यांना ओळख न देता, भलत्याच दिशेला निघून जातात. या दोन महान शक्ती जिथे समोरासमोर आल्या, त्या ऐतिहासिक क्षणाची ही कहाणी.

तो क्षण बिस्किटांच्या एका जुन्या डब्यातून आला. डब्याचं झाकण उघडत नव्हतं.

"चमचा आहे का हो?" डबा घेऊन आलेल्या तरुणाने विचारलं.

"चमचा?" चिठ्ठी नावाची मुलगी म्हणाली. "इथे दोनशे सत्तर प्रकारचे पाने आहेत. स्क्रूड्रायव्हर किती आहेत ते अजून कोणी मोजलेले नाहीत."

"तरी चमचाच बरा. झाकण दुखावत नाही."

झाकण दुखावतं असं म्हणणारा माणूस चिठ्ठीने आजवर पाहिला नव्हता. ती मुकाट्याने आत गेली आणि वडिलांच्या चहाच्या कपातला चमचा धुऊन घेऊन आली.

चिठ्ठी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचं ते गोदाम तिच्या वडिलांचं होतं आणि तिथल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर तिचं अक्षर होतं, म्हणून सगळे तिला चिठ्ठी म्हणायला लागले. गोदाम म्हणजे चांगली शंभर पावलं लांब शेड. दोन्ही बाजूंच्या मांडण्यांवर दिवे, भोंगे, चाकांच्या टोप्या आणि ओळीने ठेवलेली कार्बुरेटरं. आणि खिडकीलगत एक लांबलचक टेबल, त्याला अनोळखी टेबल म्हणत. ज्या वस्तूचं नाव-गाव कोणालाच ठाऊक नाही ती तिथे यायची. चिठ्ठी तिचं वजन करायची, आटे मोजायची, भिंगातून तिला इकडून-तिकडून बघायची आणि सगळं लिहून ठेवायची. फक्त शेवटची ओळ कोरी सोडायची. 'काय आहे' ही ती ओळ. ती ठरवायचा अधिकार एकाच माणसाला होता आणि त्या माणसाच्याही एकाच अवयवाला.

तो माणूस म्हणजे चिठ्ठीचे वडील. त्यांना सगळं जग पारखी म्हणे. त्यांचं वय पासष्ट आणि उंची बेताची. नाक मात्र बेताचं नव्हतं. गंजका तुकडा हुंगून गाडी कोणत्या सालची, इंजिनात कसलं तेल घालत आणि मालक गाडी धूत असे की नुसता पुसत असे, हे ते सांगत. लोक लांबून-लांबून पिशवीत लोखंड घालून येत आणि दर्शनाला आल्यासारखे रांगेत उभे राहत.

आणि तीन वर्षांपूर्वी पारखींना ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. बरे झाल्यावर पहिल्याच दिवशी कोणीतरी एक पंप आणला. पारखींनी तो नाकापाशी नेला, डोळे मिटले... आणि तसेच उभे राहिले. एवढा वेळ त्यांना कधीच लागत नसे. वडिलांच्या कपाळावरचा घाम बघून मागे उभ्या असलेल्या चिठ्ठीचा जीव कासावीस झाला आणि हातातली पेन्सिल तिच्याही नकळत टेबलावर एकदा वाजली. टक. पारखी म्हणाले, "तेल." ते तेलच होतं. दुसऱ्या दिवशी एका टाकीच्या वेळी पेन्सिल दोनदा वाजली. पारखी म्हणाले, "पाणी." ते पाणीच होतं. तीनदा वाजली तेव्हा पेट्रोल निघालं.

तेव्हापासून वास चिठ्ठी आधी गुपचूप घेई आणि निकाल पारखी देत. गंमत अशी, की या व्यवस्थेबद्दल बाप-लेकीत तीन वर्षांत एक शब्दही झाला नव्हता. चहात साखर कमी-जास्त झाली तर त्या घरात अर्धा तास चर्चा चाले, पण पेन्सिलीचं नाव कोणी काढत नसे.

तर चमच्याने डबा उघडला. आत कापूस होता आणि कापसात मुठीत मावेल एवढी एक पितळी वस्तू. वर टोपी, टोपीत सुईसारखा टोकदार स्क्रू, मधे कधीकाळी काचेची नळी असावी अशी जागा आणि खाली निमुळतं तोंड. काच फुटून गेलेली. दुधाच्या दातासारखा एकच तुकडा कडेला तग धरून होता.

चिठ्ठीने ती उचलली आणि तिच्या अंगावर बारीक काटा आला. तो नेहमीच येई. स्क्रूच्या माथ्यावर, जिथे कोणाचं लक्षही जाणार नाही तिथे, कोणीतरी केसाएवढी बारीक वेल कोरली होती. कामाला तिचा काडीचा उपयोग नव्हता. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी कारागीर जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं लवकर उठला असेल आणि त्याने ही वेल काढली असेल. तो गेला, त्याचा कारखाना गेला आणि वेल तिच्या तळहातावर येऊन बसली.

"माझंही तसंच झालं," तरुण हळूच म्हणाला.

"काय झालं?"

"तोंड उघडं राहिलं."

चिठ्ठीने घाईघाईने तोंड मिटलं. "तुम्ही काम काय करता?"

"काच फुंकतो. प्रयोगशाळेच्या नळ्या, चंबू वगैरे. ही वस्तू मुख्याध्यापिकाबाईंच्या आजोबांच्या गाडीतली. सत्तर वर्षं गाडी शेडमध्ये उभी आहे, येत्या रविवारी सुरू करणार आहेत. बाई म्हणाल्या, याला काच बसव. पण आतून काय जाणार ते कळल्याशिवाय काच कशी करायची? पाणी आहे, तेल आहे की वाफ आहे, ते काचेला आधी सांगावं लागतं."

"काचेला सांगता?"

"विश्वासात घ्यावं लागतं हो. नाहीतर ती ऐन वेळी दगा देते."

चिठ्ठी वळली, वस्तू दोन्ही तळव्यांत धरून उबवली आणि पटकन हुंगली. एरंडेल! लहानपणी आत्याने नाक दाबून पाजलेलं, शत्रूच्याही वाट्याला येऊ नये असं ते एरंडेल. जुन्या काळी शौकीन लोक इंजिनात एरंडेल घालत, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे तेल. पेन्सिल एकदा वाजवायची. सोपं काम.

पारखी आले. काचवाला अदबीने उभा राहिला. पारखींनी वस्तू उजेडात धरली, नाकाशी नेली, डोळे मिटले. चिठ्ठीने पेन्सिल उचलली...

"हे अक्षर तुमचं?" काचवाल्याने तिच्या कानाशी अगदी हळू आवाजात विचारलं. तो टेबलावरच्या चिठ्ठ्या वाचत होता. "सातचा आकडा काय डौलात मान वळवून बसलाय! असा सात मी आयुष्यात पाहिला नाही."

चिठ्ठीच्या हातातून पेन्सिल सुटली. आधी टेबलावर पडली. टक. तिथून उसळून जमिनीवर पडली. टक.

"पाणी," पारखी म्हणाले.

पेन्सिल उचलायला दोघंही एकदमच वाकली आणि दोघांची डोकी आपटली. वर येईपर्यंत पारखींचं व्याख्यान सुरू झालं होतं. "कार्बाइडच्या दिव्याचा भाग आहे हा. जुन्या गाड्यांच्या दिव्यांत कार्बाइडच्या खड्यांवर पाणी थेंबथेंब सोडत. त्याचा गॅस होई आणि गॅसवर दिवा पेटे. हा त्या पाण्याचा नळ. सुंदर आहे. चिठ्ठी, लिही."

चिठ्ठीने लिहिलं. डोकं दुखत होतं, कान तापले होते आणि काचवाला तिच्या सातच्या आकड्याची वाट बघत उभा होता. त्या चिठ्ठीत सात कुठेच नव्हता. तिने तारीख घातली. सतरा.

"आभारी आहे," तो तारखेकडे बघत म्हणाला.

तो गेल्यावर मात्र चिठ्ठीला घाम फुटला. चूक झाली होती आणि ती दुरुस्त करायची तर बाबांना सांगावं लागणार होतं, की पेन्सिल वाजली नाही, पडली. आणि पेन्सिल पडली असं सांगायचं, तर पेन्सिल असते हेही सांगावं लागणार होतं.

तिने स्वतःची समजूत घातली. फार तर काय होईल? एक दिवा पेटणार नाही. आजकाल दिव्यांना काय तोटा आहे?

मंगळवारची ही समजूत गुरुवारपर्यंत टिकली. गुरुवारी ती काचवाल्याच्या कार्यशाळेत गेली. नळीचं माप घ्यायचं राहिलं आहे, असं घरी सांगितलं. माप त्याने स्वतःच घेतलेलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

कार्यशाळा म्हणजे एक खोली, एक ज्योत आणि भिंतभर काच. काचवाला नळी ज्योतीत धरून फिरवत होता, सारखी, न थांबता. निळी ज्योत पिवळी झाली, मग केशरी. नळी मऊ पडली. त्याने दुसरं टोक ओठांशी नेलं आणि इतकी हलकी फुंकर मारली, की झोपलेल्याच्या पापणीवरची धूळही तो जागा न होता उडाली असती. काचेत एक गोल श्वास उमलला आणि तिथेच थांबला.

चिठ्ठी श्वास घ्यायला विसरली होती.

"घ्या," तो नळी खाली ठेवत म्हणाला.

"काय?"

"श्वास. नाहीतर मला तुम्हाला फुंकावं लागेल." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो कानांपर्यंत लाल झाला. "म्हणजे... तसं नव्हे..."

"ही नळी तयार झाली?" चिठ्ठीने त्याच्यावर दया केली.

"छे. अजून भट्टीत सावकाश गार व्हायची आहे. काच घाईने गार केली, की ताण आतच धरून बसते. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि मग एक दिवस, कोणी हात लावलेला नसताना, तडकते. या, गंमत दाखवतो."

त्याने एक चौकट आणली. पुढे-मागे दोन काळपट काचा, पलीकडे दिवा. मधे त्याने एक साधा स्वच्छ पेला धरला. चिठ्ठीने डोळा लावला आणि तिच्या तोंडून "आई गं!" एवढंच निघालं. त्या पारदर्शक पेल्यात जांभळे, पिवळे, मोरपंखी पट्टे उभे राहिले होते. तळाशी दाट, काठाशी विरळ.

"हा सगळा ताण आहे?"

"सगळा. हा पेला आमच्या घरी रोज पाण्याला वापरतात. कोणालाही पत्ता नाही."

चिठ्ठी बराच वेळ त्या रंगांकडे बघत राहिली. एवढं सुंदर दिसणारं, आणि एवढं धोक्याचं. मग तिने उगाच विचारावं तसं विचारलं, "रविवारपर्यंत ती एक नळी होईल ना?"

"एक कशी? चार आहेत."

"चार काय?"

"त्या वस्तू चार आहेत ना! स्टिअरिंगसमोरच्या लाकडी फळीवर ओळीने बसवलेल्या. मी एकच काढून आणली होती. चारींच्या खालून तांब्याच्या नळ्या निघतात."

"आणि जातात कुठे?"

"इंजिनात."

चिठ्ठी स्टुलावर बसली. गाडीला दिवे दोन. दिव्यांचं पाणी इंजिनात कशाला जाईल? त्या काळच्या इंजिनांत तेल आपोआप फिरत नसे. चालवणाराच ते थेंबथेंब सोडायचा आणि काचेतून थेंब मोजायचा. तेलाच्या त्या चार वाटा होत्या. त्या बंद ठेवून इंजिन सुरू केलं, तर लोखंड कोरडंच लोखंडावर घासणार होतं, आणि जे दोन मिनिटांत जळून जाईल ते आता जगात कोणीही पुन्हा बनवणार नव्हतं. स्क्रूवर वेल काढणारी माणसं संपली होती.

तिने मग काचवाल्याला सगळं सांगितलं. ताप, घाम, पेन्सिल, तीन वर्षं. हे ती आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला सांगत होती आणि ते एका अशा माणसाला, ज्याच्याशी तिची ओळख दोन दिवसांची होती.

"मलाही एरंडेलाचा वास आला होता," तो म्हणाला.

"मग बोलला का नाही?"

"एवढ्या मोठ्या माणसासमोर? आणि माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"सातवर."

चिठ्ठीने खाली बघितलं. तो म्हणाला, "असं करू. मी सांगतो, की मीच चुकीचा डबा आणला. डबा बदलला. तुमच्या बाबांचा निकाल बरोबर, गाढवपणा माझा. मला सवय आहे."

किती सहज म्हणाला तो! चिठ्ठीला वाटलं, आत्ता याला 'हो' म्हणावं आणि सगळं विसरून जावं. पण समोर तो रंगीत पेला होता.

"नको," ती म्हणाली. "आमच्या घरात न बोललेली एक गोष्ट आधीच आहे. दुसरी ठेवायला जागा नाही. तुम्ही फक्त नळ्या करा. तेलाच्या."

शुक्रवारी तिने बाबांना सांगायचं ठरवलं आणि साखरेबद्दल बोलली. शनिवारी ठरवलं आणि पंख्याबद्दल बोलली. स्वयंपाकघरातून आत्या हे बघत होती. आत्या म्हणजे पारखींची थोरली बहीण. घर तिच्या ताब्यात होतं.

"काल दूध करपलं," आत्या चिठ्ठीला बाजूला घेऊन म्हणाली. "शेजारणीने येऊन विचारलं, आग लागली का. हा तुझा बाप तिथेच बसून म्हणतो, 'वा, आज चहा वेळेवर मिळणार वाटतं.' मला काय कळत नाही होय गं? तीन वर्षं झाली. पण मी काही बोलायची नाही. मी बोलले तर तो सहा महिने रुसेल. तू बोल. तुझ्यावर तो दोन दिवसांच्या वर रुसलेला नाही."

रविवार उजाडला.

बाईंच्या शेडचा दरवाजा उघडला तेव्हा आधी कोणालाच काही दिसलं नाही. मग डोळे सरावले आणि अंधारातून गाडी हळूहळू पुढे आली. म्हणजे गाडी हलली नव्हती. पण चिठ्ठी शपथेवर सांगायला तयार होती, की ती पुढे आली. माणसाच्या छातीपर्यंत येणारी लाकडी आऱ्यांची चाकं. वाकलेल्या मानेसारखा लांब भोंगा. पितळेचे दोन दिवे, डोळे मिटून घेतल्यासारखे. दार नावाची वस्तू नव्हतीच. पायरीवर पाय ठेवून सिंहासनावर चढावं तसं चढायचं. पारखींनी, का कोण जाणे, चपला दाराबाहेर काढल्या.

"चपला घाल," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "खाली खिळे आहेत." बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर होतं, त्या पट्टीसारख्या ताठ होत्या आणि सगळ्या जगाला चौथीच्या वर्गात बसवत. "ही गाडी माझे आजोबा घेऊन फिरायचे. मी मांडीवर बसायचे. तेव्हापासून ठरवलंय, एकदा मी चालवणार. मेस्त्री, झालं का तुझं?"

मेस्त्री इंजिनात डोकं घालून होता. "झालं बाई. इंजिनात सुरुवातीपुरतं हाताने तेल घातलंय. या चार तांब्याच्या नळ्या कशाच्या कळेनात, म्हणून बूच मारून ठेवल्यात. ती पितळी वस्तू दिव्याची, असं पारखीसाहेबांनी सांगितलंच आहे. त्यांचा शब्द म्हणजे झालंच. मारू हँडल?"

तो हँडलवर वाकला.

"थांबा," चिठ्ठी म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. कोपऱ्यात काचवाला कापसात गुंडाळलेल्या चार नळ्या छातीशी धरून उभा होता, एखाद्याने झोपलेली बाळं धरावीत तसा. चिठ्ठीने बिस्किटांच्या डब्यातून ती वस्तू काढली आणि वडिलांच्या हातात दिली.

"बाबा, एकदा परत वास घ्या."

पारखींनी तिच्याकडे पाहिलं. मग वस्तू नाकाशी नेली आणि डोळे मिटले. चिठ्ठीने खांद्यावरच्या पिशवीतून पेन्सिल काढली. तिने ती लपवली नाही. सगळ्यांदेखत गाडीच्या मडगार्डवर एकदा वाजवली.

टक.

आता पारखींनी नुसतं 'तेल' म्हणायचं होतं. परत हुंगल्यावर निकाल बदलला, यात गैर ते काय? मोठी माणसं निकाल बदलतात. मेस्त्रीने मान डोलावली असती, बाईंनी 'शाबास' म्हटलं असतं आणि तीन वर्षांचं सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

पारखींनी डोळे उघडले. वस्तू खाली घेतली.

"मग मंगळवारी दोन का वाजले?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षांतलं पहिलं वाक्य!

"वाजले नाहीत, बाबा. पडली. पेन्सिल पडली."

"तुझ्या हातातून? तीन वर्षांत कधी पडली नाही ती."

चिठ्ठीची नजर, तिला न विचारता, कोपऱ्यातल्या काचवाल्याकडे गेली आणि तिथून परत यायला जरा उशीर झाला. पारखींनी त्या नजरेच्या मागोमाग आपली नजर पाठवली. काचवाल्याने नळ्या आणखी घट्ट धरल्या.

"अच्छा," पारखी म्हणाले.

मग ते मेस्त्रीकडे वळले. "मेस्त्री, ती बुचं काढ. ही वस्तू तेलाची आहे आणि चूक माझी आहे. मला कसलाच वास येत नाही. तापात गेला, तीन वर्षं झाली. तेव्हापासून वास माझी ही लेक घेते आणि वाहवा मी घेतो." ते थांबले. "मला वाटायचं, हिला हे सगळं बोलायची लाज वाटत असेल, म्हणून मी गप्प. आणि ही..."

"मला वाटायचं, तुम्हाला वाईट वाटेल," चिठ्ठी म्हणाली आणि रडायला लागली. पारखींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तेलाचा होता, पण त्या घडीला कोणी बोललं नाही.

मेस्त्री डोकं खाजवत होता. "म्हणजे गेल्या वर्षी बाळंतपणाला आलेल्या माझ्या लेकीचं बाळ बघून तुम्ही म्हणालात, 'तान्ह्या बाळाचा वास काय गोड येतोय'..."

"अंदाजाने बोललो."

"बरोबर होता पण अंदाज," मेस्त्री समाधानाने म्हणाला आणि बुचं काढायला वाकला.

काचवाल्याने एकेक नळी बसवली. चार पितळी टोप्या, चार काचा. वरच्या टाकीत एरंडेल ओतलं. बाई सिंहासनावर चढल्या. मेस्त्रीने हँडल मारलं. काही नाही. परत मारलं. गाडीने एक खोल सुस्कारा टाकला. तिसऱ्यांदा... आणि शेडमधली जमीन पायांखाली बोलायला लागली. धप्... धप्... धप्... घाई नाही, गडबड नाही; सत्तर वर्षं झोपलेलं कोणीतरी उठून बसलं होतं आणि सावकाश विचारत होतं, कोण कोण आलंय?

आणि मग सगळ्यांचे डोळे त्या चार काचांवर खिळले. पहिल्या काचेत वरून एक थेंब फुगला. सोनेरी. लोंबला, लांबला, थरथरला... आणि सुटला. मग दुसऱ्या काचेत. तिसऱ्या. चौथ्या. खिडकीतल्या उन्हाची एक तिरीप त्या थेंबांतून आरपार जात होती आणि बाईंच्या पांढऱ्या पदरावर चार लहानसे सूर्य एकामागोमाग एक पडत होते. मेस्त्रीने डोक्यावरची टोपी काढली. जगात एवढी मोठी यंत्रं, आणि त्यांचा जीव असा थेंबाथेंबावर!

"हे थेंब कोणीतरी सतत बघायला हवेत," बाई म्हणाल्या. "पारखी, तुझं नाक गेलं, पण डोळे आहेत ना? बस माझ्या शेजारी. मिनिटाला किती ते मोठ्याने सांग. आणि तुम्ही दोघं मागे बसा. मागे वजन नसलं, तर गाडी उडते असं आजोबा म्हणायचे."

गाडी बाहेर पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं होती, त्यांच्या सावल्या अंगावरून सळसळत जात होत्या. सायकलवरचा एक माणूस उतरून उभा राहिला. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई ओला कपडा तसाच हातात धरून बघत राहिली. पुढे पारखी अठरा, अठरा, सतरा, अठरा असं पुकारत होते. इतका खुशीतला त्यांचा आवाज चिठ्ठीने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"तुम्ही काही बोलत नाही," काचवाला म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे बोलताय?"

"मला एक गोष्ट बोलायची होती. मंगळवारपासूनच. पण घाई केली तर तडकेल, म्हणून सावकाश गार करत ठेवली होती."

"झाली का गार?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. वाऱ्याने त्याचे केस उभे राहिले होते आणि गालावर एरंडेलाचा एक शिंतोडा होता. "नाही हो. पाच दिवस झाले. अजून लालबुंद आहे. हात लावायची सोय नाही."

"तशीच सांगा मग."

"मला... रोज सकाळी तुमच्या टेबलापाशी बसून एकेका वस्तूचं नाव कळेपर्यंत थांबायचंय. नाही कळलं तरी चालेल. कळू नयेच, म्हणजे उठावं लागणार नाही. तुम्हाला चालेल?"

गाडी एका वळणावर झुकली. चिठ्ठीचा हात आपोआप त्याच्या हातावर गेला आणि वळण संपल्यावरही तिथून उठला नाही. त्याच्या तळव्यावर भाजल्याचे जुने, गुळगुळीत डाग होते. तिने ते बोटाने एकेक करून वाचले. तिला वाटलं, आजवर हजारो अनोळखी वस्तू या हातात आल्या, पण अशी एकही आली नाही, जिला हात लावताच शेवटची ओळ आपोआप लिहून झाली.

"चालेल," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नसेल, म्हणून तिने परत म्हटलं, "चालेल!"

पुढे पारखींची मोजणी मधेच थांबली. मग जरा घोगऱ्या आवाजात परत सुरू झाली. "अठरा."

"उत्तर बरोबर आहे," मागे न बघता मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "दोघांचंही. आता दोघं जरा उठा बघू, आणि माझा चष्मा तुमच्या खाली राहिलाय का ते पाहून द्या. समोर येतंय ते झाड आहे की माणूस, ते मला कळत नाहीये."